कोंबडा, भांग आणि ठाण्याची दमट हवा

आमच्या नौपाड्याच्या घरात आजोबांचा १९५७ सालचा एक फोटो भिंतीवर लावलेला असे. डाव्या बाजूला रेघ मारल्यासारखा भांग, पुढे किंचित उचललेला कोंबडा, आणि कान व मान अगदी मोकळी. लहानपणी मला त्या फोटोपेक्षा त्यांच्या आरामखुर्चीचे कुतूहल अधिक होते, कारण तिच्या पाठीवर आजीने क्रोशाने विणलेला एक पांढरा रुमाल कायम पसरलेला असे आणि दर आठ-दहा दिवसांनी तो तेलाने पिवळा होऊन धुण्यात पडे. त्या रुमालाला इंग्रजीत अँटिमॅकॅसर म्हणतात, हे मला फार पुढे कळले. एकोणिसाव्या शतकात इंग्रज पुरुष डोक्याला मॅकॅसर तेल थापत असत. इंडोनेशियातील मकास्सर बंदरावरून त्याला ते नाव पडले होते, आणि त्या तेलापासून खुर्च्या वाचवण्यासाठी गृहिणींनी हे रुमाल घालण्यास सुरुवात केली. आजीला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तिची तक्रार थेट आजोबांच्या डोक्याविषयी असे.

तीन वर्षांपूर्वी मी तशी केशरचना करून घ्यायची असे ठरवले, तेव्हा माझी समजूत अशी होती की सारी करामत पोमेडच्या, म्हणजे केस बसवण्याच्या मेणचट मलमाच्या, डबीत असते. ती समजूत चुकीची निघाली. घोडबंदर रस्त्यावरील एका चकचकीत दुकानात मी मोबाइलवरचे चित्र दाखवले आणि दहा मिनिटांत दोन्ही बाजूंना मशीन फिरवून त्यांनी मला जवळजवळ भादरून काढले. वरचे केस लांब आणि बाजूंना त्वचा दिसेपर्यंत बारीक, अशी ही हल्लीची फेड नावाची पद्धत. ती वाईट नाही, पण ती जुनी नव्हे. १९४० आणि ५० च्या दशकांतल्या कापणीत बाजूंचे केस वरून खाली क्रमाने लहान होत जातात, कानाशी आणि मानेशी येऊन विरतात, मात्र त्वचा सहसा कोठेच उघडी पडत नाही. हा उतार हातातल्या कंगव्यावर कात्री चालवून साधावा लागतो. मशीनला एक नंबरची पट्टी लावली की सुमारे तीन मिलिमीटर आणि दोन नंबरची लावली की सहा मिलिमीटर केस राहतात. या दोहोंच्या मधला जो अखंड उतार आहे, तो कारागिराच्या मनगटातून येतो. बाजूचे केस मुळात असे बसवून कापलेले नसतील, तर वर कितीही महागडे पोमेड लावा, दुपारपर्यंत कानांवर पंखे उभे राहतात.

अखेर चरईतील एका जुन्या केशकर्तनालयात मी मोबाइलऐवजी आजोबांचाच फोटो घेऊन गेलो. तेथील काकांनी चष्मा कपाळावर चढवून तो बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, "कोंबडा ठेवायचा, कल्ले कानाच्या मध्यावर, आणि मागे रेघ मारायची नाही, असेच ना? मग आधी सांगायचे, साहेब." अशा पुढून उचललेल्या केसांसाठीचा इंग्रजी पॉम्पडूर हा शब्द फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्या दरबारातील मादाम द पॉम्पडूर यांच्यावरून आला, ही माझी माहिती त्या खुर्चीत पूर्णपणे निरुपयोगी ठरली. आमच्याकडे त्या प्रकाराला कोंबडा हा शब्द आधीपासून होता आणि तो अधिक नेमका आहे. काकांनी माझे ओले केस मागे विंचरले, टाळूवर तळहात ठेवून पुढे हलकेच ढकलले आणि केस आपोआप दुभंगले तेथे कंगव्याच्या टोकाने रेघ ओढली. भांग आपण पाडायचा नसतो, तो शोधायचा असतो आणि तो डोक्यावरच्या भोवऱ्याच्या दिशेने ठरतो, हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी कळले. (मला दोन भोवरे आहेत. दोन भोवरे म्हणजे दोन लग्ने, हा घरातील जुना विनोद माझ्या पत्नीला अजिबात आवडत नाही.) एवढ्या कामाला पाऊण तास लागला.

आता पोमेडविषयी. हा शब्द लॅटिनमधील फळवाचक शब्दापर्यंत मागे जातो, कारण जुन्या मलमांत सफरचंदाचा गर घालत असत. पुढे चरबीची जागा खनिज तेलाने घेतली. रॉबर्ट चीझब्रो यांनी १८७२ साली व्हॅसलीनचे पेटंट घेतले आणि विसाव्या शतकातील बहुतेक डब्यांचा पाया पेट्रोलियम जेली व मेण हाच राहिला. आपल्याकडे आधीच्या पिढीला पोमेडपेक्षा ब्रिलक्रीम परिचित. ते १९२८ साली बर्मिंगहॅममध्ये तयार झाले. पाणी, खनिज तेल आणि मधमाश्यांचे मेण यांचे ते पांढरे मिश्रण, म्हणजे खऱ्या अर्थाने क्रीम. त्याने चमक येते, पकड मात्र बेताचीच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांना ब्रिलक्रीम बॉईज हे टोपणनाव मिळाले आणि आपले क्रिकेटपटू फारुख इंजिनियर यांनी त्याची जाहिरात केली. देव आनंद यांच्या कोंबड्याने तर एका पिढीचे आरसे अडवून ठेवले होते. साठच्या दशकाच्या मध्यानंतर लांब, कोरड्या केसांची लाट आली आणि चमकदार डोकी हळूहळू दिसेनाशी झाली.

हल्ली ज्या डब्या मिळतात त्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत, एक तेलाच्या पायावरचा आणि दुसरा पाण्यात विरघळणारा. परदेशी चित्रफितींत दुसऱ्याची बरीच स्तुती असते, कारण तो साध्या पाण्याने निघतो. परंतु ठाण्यात एका बाजूला खाडी आहे आणि जून ते सप्टेंबर हवेला पाणी सुटलेले असते. पाण्यात विरघळणाऱ्या पोमेडमधील पकड देणारे घटक बहुधा हवेतील बाष्प शोषून घेतात, त्यामुळे स्थानकापर्यंत चालत जाईस्तोवर केस चिकट होऊन कपाळावर झुलपे लोंबू लागतात. तेल आणि मेण यांना दमटपणाचे काही वाटत नाही; त्यांचा शत्रू उष्णता. म्हणून येथील हवेत जुनाच प्रकार अधिक टिकतो, असे माझे मत झाले आहे, आणि पाऊस पाहण्यासाठी तलावपाळीवर उभे राहून मी ते पारखूनही घेतले आहे.

उष्णतेचा धडा मात्र मी स्वतःच्या हाताने घेतला. पहिल्यांदा घरी पोमेड केले तेव्हा हौसेने त्यात खोबरेल तेल भरपूर ओतले. खोबरेल साधारण २४ अंशांना वितळते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या काही पहाटा सोडल्या तर ते बाटलीत गोठतच नाही, याचा मला नेमका विसर पडला. मे महिन्यात दादरला एका साखरपुड्यासाठी निघालो आणि मुलुंड येईपर्यंत माझे पोमेड कानामागून सदऱ्याच्या कॉलरीत उतरले. दुसऱ्या खेपेस मधमाश्यांचे मेण वाढवले, जे ६२ अंशांच्या पुढे वितळते. पेट्रोलियम जेली साठ ग्रॅम, मेण तीस ग्रॅम आणि खोबरेल केवळ दहा ग्रॅम, हे प्रमाण माझ्या केसांना मानवले. पातेल्यात पाणी उकळून त्यात वाटी ठेवावी आणि मेण त्या वाटीत वितळवावे, थेट आचेवर कधीही नाही. वास हवा असेल तर उतरवल्यावर वाळ्याच्या अत्तराचे दोन थेंब पुरेत.

लावताना बहुतेक जण एक चूक करतात, ती म्हणजे बोटाने भसकन उचलून थेट पुढच्या केसांवर थापणे. हरभऱ्याएवढे घ्यावे, तळहातांवर इतके चोळावे की ते दिसेनासे व्हावे, आणि मागून पुढे, मुळांपासून टोकांकडे फिरवावे. कमी वाटले तर पुन्हा तेवढेच. तेलाच्या प्रकारासाठी केस कोरडे असावेत. नंतर बारीक दातांची फणी. कोंबडा उचलताना ती उभी न धरता आडवी धरून मागे वळवली की वळण गोल येते. कपाळाच्या कडेला मात्र हात आखडता घ्यावा, कारण तेथे पुटकुळ्या येतात आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे त्यांना पोमेड अ‍ॅक्ने असे स्वतंत्र नावही आहे.

काढण्याचा उपाय आपल्याला कोणी शिकवायला नको होता. शांपूने ते हटत नाही. आधी कोमट खोबरेल चोळावे, मेण त्यात सैल होते, मग शिकेकाई किंवा शांपू. मला ही युक्ती आईने सांगितली, बाटली माझ्या हातात देत आणि उशीचा अभ्रा माझ्यासमोर धरत.

हेल्मेटवर मात्र अद्याप उपाय सापडलेला नाही. स्कूटर गावदेवीपाशी लावून मी खिशातली फणी काढतो आणि कोणाच्या तरी गाडीच्या काचेत पाहून कोंबडा पुन्हा उभा करतो. चरईतील काकांनी मागच्या खेपेस त्यांच्या खणातील एक जुनी शिंगाची फणी मला दाखवली, मी किंमत विचारली, तर ते म्हणाले, "ही नाही द्यायची, साहेब. डोके मात्र दर तीन आठवड्यांनी घेऊन या."