हालु आणि हल्लु

१२ डिसेंबर, वडगाव, बेळगाव

आईचं वर्षश्राद्ध काल उरकलं. पाहुणे सकाळच्या गाडीनं गेले. दादाला घर रंगवून घ्यायचंय, म्हणून आज दुपारपासून मागच्या खोलीतलं सामान बाहेर काढत होते. कपाट सरकवलं तर भिंतीवर तो पुठ्ठा दिसला. साडीच्या बॉक्सचं झाकण, खळीनं चिकटवलेलं. मला वाटलं होतं ते कधीच गेलं असेल.

आजी १९९८ च्या श्रावणात पडली. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदम गेलं. दीड महिन्यानं थोडं बोलणं परत आलं, पण आलं ते कानडी. आजीचं माहेर बैलहोंगलकडचं. तिथल्या मराठ्यांच्या घरांतही कानडीच बोलतात. १९५१ साली लग्न होऊन ती वडगावात आली, तेव्हा बैलहोंगल काय आणि वडगाव काय, सगळं मुंबई राज्यातच. इथं येऊन ती मराठी शिकली आणि जवळजवळ पन्नास वर्षं मराठीच बोलली. आम्हाला गोष्टी सांगितल्या त्या मराठीत, शिव्या दिल्या त्याही मराठीतच. आणि आता पाणीसुद्धा कानडीत मागायला लागली. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, कुणाची कुठली भाषा आधी परत येईल याचा नेम नसतो.

आई जांबोटीकडची. रानातलं गाव, चौथीपर्यंतची शाळा. तिला कानडीचा गंध नव्हता. बाबांना येत होतं, पण ते बोलायचे नाहीत. १९८६ च्या कानडी सक्तीविरोधी आंदोलनात त्यांनी लाठी खाल्ली होती, तेव्हापासून हट्टच. बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाची दरवर्षी १ नोव्हेंबरला काळ्या दिनाची फेरी निघते, तिच्यात सायकल घेऊन जायचे. फेरीहून दंडाला काळी फीत बांधूनच घरी यायचे, आणि त्याच वेळी मागच्या खोलीत आई आजीला विचारत असायची, "नीर बेकेन, आत्ती?" पाणी हवंय का? माझ्या डोळ्यांसमोर ते घर अजून तसंच आहे. पुढच्या सोप्यात मागांचा खडखडाट, मागे कानडी.

शेजारच्या अक्कांकडून एकेक शब्द विचारून आई तो पुठ्ठ्यावर लिहायची. नीर म्हणजे पाणी. ऊट, जेवण. साकु, पुरे. एल्लि नोयतैति, कुठं दुखतंय. मलकोरी, आडवं व्हा. सगळं आमच्याच लिपीत, बाळबोध गोल अक्षर. त्यात 'हालु' म्हणजे दूध. पहिल्या दिवशी तिनं ते 'हल्लु' लिहून घेतलं आणि पेला घेऊन आजीपाशी जाऊन विचारलं, "हल्लु बेकेन?" हल्लु म्हणजे दात. आजीच्या तोंडात तेव्हा एक दात शिल्लक नव्हता. आजारपणानंतर आजी पहिल्यांदा हसली ती त्या दिवशी, वाकड्या तोंडानं, लाळ गळेपर्यंत. आईला कळेना काय झालं. कळल्यावर ती पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाली.

त्यानंतर आई कधी कधी मुद्दाम 'हल्लु' म्हणायची. मला खात्री आहे मुद्दामच.

सेवा म्हणजे काय करत होती ते त्या वयात नीट दिसलं नाही, घरात चालूच असायचं. बासमतीच्या कण्यांची पेज किंवा नाचणीची आंबील. भरवताना पाठीला दोन उशा, म्हणजे ठसका लागू नये. भरवून झाल्यावरही अर्धा तास बसवून ठेवायची. आणि दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. तिच्या उशाशी गजराचं घड्याळ होतं, पण ते वाजायच्या आधीच तिचा हात त्यावर पडलेला असायचा.

हे कधीतरी लिहायचंच होतं. २००० साली मामाचं लग्न होतं. आई दोन रात्री जांबोटीला गेली आणि रात्रीची कूस माझ्यावर सोपवून गेली. मी तेव्हा अकरावीत. गजर लावला, बंद केला आणि झोपले. दोन्ही रात्री. आई आली, आजीला पुसायला वळवलं आणि माकडहाडाजवळ कातडी गेलेली दिसली. रुपयाएवढी. ती भरायला तीन महिने गेले. आई मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर आजी जाईपर्यंत ती माहेरी रात्र राहिली नाही. सकाळच्या बसनं जायची, संध्याकाळच्या बसनं परत. त्या मुसळधार पावसात, चार तासांच्या भेटीसाठी.

शेवटी शेवटी आजी आईलाच 'अव्वा' म्हणायला लागली. म्हणजे आई. बाबा मागच्या खोलीत फारसे यायचे नाहीत. एका रात्री उंबऱ्यापाशी उभे राहिले आणि आईला म्हणाले, "तिला विचार की, मला वळखतीस काय म्हणून." स्वतःच्या आईला विचारायचं, तेही बायकोच्या तोंडून! आईनं विचारलं. आजी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "साकु." आईनं बाबांना सांगितलं, ओळखलं म्हणती. मी तिथंच होते. तोवर मलाही तेवढं कानडी येत होतं.

आजी २००४ मध्ये गेली. नंतर आईचं कानडी कुठंच चाललं नाही. पेन्शनच्या अर्जासाठी खिडकीवरचा माणूस भराभर बोलायला लागला की ती माझ्याकडे बघायची. तिच्या कानडीत पाणी होतं, दूध होतं, दुखणं होतं. अर्ज नव्हता.

ती स्वतः मात्र गेल्या वर्षी चार दिवसांत गेली. कूस बदलायची वेळच आणली नाही.

संध्याकाळी रंगारी आले. त्यातल्या पोरानं पत्रा पुठ्ठ्याखाली सारला आणि विचारलं, "तेगीलेनरी, अक्का?" काढू का? मी म्हटलं, "ब्याड." त्यानं मुकाट्यानं कडेकडेनं रंग दिला. चौकोन एका बाजूला जरा वाकडा झालाय. 'हल्लु'वर मारलेली काट आणि शेजारी लिहिलेलं 'हालु' मात्र अजून वाचता येतं.