पूर्ण तिकिटाचा माणूस

दुपारची जेवणं आटोपली आणि मी स्वयंपाकघराच्या दारामागचं कालनिर्णय काढून मांडीवर घेतलं. लेक म्हणाली, "बाबा, दुधाचा हिशेब आत्ता?"

दुधाचा नव्हता, अलिबागचा होता. दरवर्षी ठरतं आणि खर्चाचा आकडा बघून मोडतं, म्हणून यंदा आधी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. शनिवार-रविवार बाद. शनिवारी अर्धं पुणं आणि उरलेली मुंबई त्या किनाऱ्यावर असते. खोलीवाला भाव सांगताना आपल्याकडे बघतच नाही, फाटकाबाहेर लागलेल्या गाड्यांकडे बघतो. वर जादा गादीचे वेगळे पैसे! खोलीचं भाडं मी मुकाट देतो, पण ही गादी मला रात्रभर टोचते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी बिघडणार, म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली याच अलिबागला आली. शांतता हवी होती बिचारीला.

तर लेकीच्या दिवाळीच्या सुट्टीतला शेवटचा बुधवार. त्या चौकटीत नेमकी द्वादशी निघाली, आणि बारा पाऊणे नऊ हे तोंडातून आपोआप गेलं.

हे माझ्या बाबांचं गणित. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ निघते. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, घोडागाडीचे पैसे वाचतात. मात्र अष्टमीच्या आसपास जाऊ नये, तेव्हा भांगाची भरती; पाणी धड चढत नाही आणि धड हटतही नाही.

मी सात वर्षांचा असताना बाबांनी हेच गणित करून आम्हाला बरोबर नऊ वाजता किनाऱ्यावर उभं केलं. समोर किल्ला, आणि मध्ये काठोकाठ पाणी. पाऊणपट बरोबर केली होती, सहा मिळवायचे राहिले होते. बाबांनी खिशातून चिठ्ठी काढून पुन्हा गुणाकार केला. समुद्राला दुरुस्तीची एक संधी द्यावी तसा.

आई म्हणाली, "अहो, आपण अलिबागला आलोय की अलिबागहून?"

पाणी जरा उतरल्यावर घोडागाडीवाला येऊन विचारून गेला. बाबांनी मान हलवली. "पाणी फुकट उतरणार आहे, घाई काय?" सुरूच्या सावलीत सतरंजी पडली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मग नुसतेच शेंगदाणे. मी ओल्या वाळूत काडी रोवायचो. दर थोड्या वेळानं पाणी काडीच्या खाली गेलेलं असायचं, की नवी काडी. चौदा काड्या झाल्या. अडीचच्या सुमाराला बाबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मला खांद्यावर घेतलं. त्यांच्या टाळूला खोबरेल तेलाचा आणि खाऱ्या वाऱ्याचा असा मिळून एक वास होता. किल्ल्यातलं मला फारसं काही आठवत नाही.

"फोनवर भरतीच्या वेळा असतात," लेक म्हणाली आणि बघितल्या. वीसेक मिनिटांचा फरक निघाला. फोन चुकला असेल, असं मी म्हणालो नाही, पण चेहऱ्यावर आलं असावं.

गाडी स्वारगेटहून धरायची, लाल एसटी. बायकोला अर्धं तिकीट, लेकीलाही अर्धं. आईला पंच्याहत्तर उलटल्यामुळे काहीच नाही, फक्त आधार कार्ड विसरायचं नाही. म्हणजे घरात पूर्ण तिकिटाचा माणूस मी एकटाच. मी हे जरा मोठ्यानं आणि जरा अभिमानानंच सांगितलं. बायको म्हणाली, "मग तुम्ही नाही आलात तर ट्रिप अर्ध्यात होईल." गणित तसं बरोबरच होतं.

आई तूप कढवत होती. मी कागदावर "आई" लिहून पुढे शून्य काढलं आणि तिला दाखवायला नेलं. तिनं चष्मा वर करून बघितलं, मग गॅस बारीक केला.

"ह्यांना फार आवडलं असतं बघ," ती म्हणाली. "फुकट."