हायपर म्हणजे वर

आमच्या घरात सगळ्यात जास्त इंग्रजी आईला यायचं, आणि ती आठवी शिकलेली. आशा कार्यकर्ती म्हणून गावात घरोघरी फिरायची, त्यामुळे एएनसी, पीएनसी, हायरिस्क, ओआरएस हे शब्द तिच्या तोंडी तेल-मीठ म्हटल्यासारखे. मी बारावी, कला शाखा, मराठी माध्यम. इंग्रजीत पास झाले होते ते निबंध पाठ करून. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या कोर्सला, नंबर लागला तेव्हा आईच म्हणाली, "तुला काय जड आहे? मी बोलतेच की सगळं."

जड होतं. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीच्या पुस्तकात एका पानावर पंचवीस-तीस शब्द अडायचे. डिक्शनरी उघडावी तर एका शब्दाच्या जागी तीन नवे हातात. माझी रूममेट गडचिरोलीकडची, तीही मराठी माध्यमाची. दोघी मिळून पेन्सिलीनं ओळींच्या वर मराठी अर्थ लिहायचो. महिन्याभरात पानं इतकी काळी झाली की खालचं छापील दिसेना.

मग एका सीनियरनं झेरॉक्स दिली: इंग्रजीतले 64 उपसर्ग, ए पासून झेडपर्यंत, समोर अर्थ. पाढे पाठ करतात तसे केले. ॲब म्हणजे दूर, ॲड म्हणजे कडे, अँटे म्हणजे आधी. रूममेटनं परीक्षा घेतली तेव्हा पन्नासच्या वर बरोबर आले. दुसऱ्या दिवशी वॉर्डात एकही आठवला नाही. खुंट्या ठोकून ठेवल्या होत्या, पण अडकवायला माझ्याकडे कपडाच नव्हता.

पुढे कळलं की तेवढ्या खुंट्यांची घाईही नव्हती. 1989 साली अमेरिकेत थॉमस व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शालेय पुस्तकांतले उपसर्ग लागलेले शब्द मोजले. अन्, री, इन् आणि डिस् या चारांतच 58 टक्के शब्द आटोपले. आमच्या दवाखान्यातले चार निघाले असते तर वेगळे निघाले असते, पण मुद्दा तोच. थोडे घ्यावेत, रोज लागणारे घ्यावेत. तेव्हा मला हे सांगणारं कुणी नव्हतं.

माझे डोळे उघडले ते 54 या आकड्यानं.

मेल मेडिकल वॉर्डात पोस्टिंग होती. सकाळची वेळ. एका आजोबांना इन्सुलिन देऊन झालेलं, आणि नाश्ता यायला उशीर. त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. सिस्टरनी मला शुगर बघायला सांगितली. ग्लुकोमीटरवर आलं 54. मी धावत टेबलापाशी गेले आणि अभ्यास दाखवायची संधी म्हणून मोठ्यानं म्हणाले, "सिस्टर, पेशंटला हायपरग्लायसेमिया झालाय!"

सिस्टर सलाईनच्या बाटलीला हात घालता घालता थांबल्या. "किती आलीय?"

"चोपन्न."

"मग हायपर कुठून? हायपो म्हण! आणि इथून पुढं आधी आकडा सांगायचा, शब्द नंतर. आकडा चुकत नाही, तुम्ही चुकता."

सत्तरच्या खाली साखर गेली की हायपोग्लायसेमिया, हे मी लिहून पास झाले होते. आजोबा शुद्धीवर होते, साखरेचं पाणी प्यायले, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं तर आकडा चढलेला. त्यांना काही झालं नाही. मला मात्र रात्री जेवण गेलं नाही. सिस्टरनी आकडा न विचारता माझ्या शब्दावर विश्वास ठेवला असता तर, हा एकच विचार. या दोन शब्दांत अर्थ आकाश-पाताळाएवढा लांब, आणि कानाला फरक एका अक्षराचा. ज्यानं कुणी ही जोडी भाषेत ठेवली त्याला वॉर्डात नाइट ड्यूटी लावायला पाहिजे होती.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपवून गेटबाहेर बसची वाट बघत उभी होते. समोर पाटी, रोज बघितलेली: उपजिल्हा रुग्णालय. उप. जिल्ह्याच्या खालचं. आत नजर टाकली तर पाट्याच पाट्या. अतिदक्षता विभाग. आंतररुग्ण. बाह्यरुग्ण. निर्जंतुकीकरण कक्ष. शब्दाच्या डोक्यावर छोटा तुकडा बसवून अर्थ फिरवायचा हा धंदा आपल्याकडेही चालतो, हे मला त्या बसस्टॉपवर पहिल्यांदा दिसलं. खरं तर नववीत शिकले होते. उपसर्गघटित शब्द, दोन मार्कांना.

आमचे मराठीचे सर तेव्हा एक संस्कृत श्लोक म्हणायचे: "उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते, प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्." उपसर्ग धातूच्या अर्थाला जबरदस्तीनं दुसरीकडे ओढून नेतो, हार या एका शब्दाचे प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार होतात तसा. सर म्हणायचे, "आहारात चूक झाली तर पोट दुखेल, संहारात झाली तर माणूस जाईल." मला वाटायचं विनोद करतायत.

रात्री सरांना फोन लावला. रिटायर होऊन गावी राहतात. मी हायपर-हायपोचं रडगाणं गायले. सर हसले. म्हणाले, "अगं, हे दोघं तुझ्या घरचेच आहेत. हायपर म्हणजे आपलं उपरि. हायपो म्हणजे आपलं उप. ग्रीक आणि संस्कृत एका कुळातल्या भाषा. 1786 साली विल्यम जोन्स कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत भाषणाला उभा राहिला, तेव्हा त्यानं हेच तर सांगितलं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात म्हणून." मग ते सुटलेच. ग्रीक डिस् म्हणजे दुस्, दुर्. पेरि म्हणजे परि. इंटर म्हणजे अंतर्. "भूमितीत परिमिती शिकलीस ना? तिलाच इंग्रजीत पेरिमीटर म्हणतात. परि-मिती, पेरि-मीटर. बघ की."

मी वहीत लिहिलं: उपरि, वर, हायपर. तिघांच्याही पोटात र. ज्यात र, ते वर. त्या दिवसापासून आजपर्यंत ही जोडी एकदाही उलटी झाली नाही. तरी आधी आकडाच सांगते.

सरांनी आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली, तिनं मला खरा धीर आला. आपल्याकडे नकाराचा अ व्यंजनाआधी अ राहतो आणि स्वराआधी अन् होतो. ज्ञान-अज्ञान, पण आदर-अनादर. ग्रीकमध्ये हुबेहूब हेच. श्वास थांबला तर ॲप्निया, लघवी बंद झाली तर अन्युरिया. यू हा स्वर, म्हणून न आला. आणि लॅटिनचा इन् तर आपल्या संधीसारखाच पुढच्या अक्षरात विरघळतो. उत् अधिक लेख उल्लेख होतो, तसा इन् अधिक लेजिबल म्हणजे इल्लेजिबल, वाचता न येणारं. केसपेपरवरचं डॉक्टरांचं अक्षर बघून हा शब्द एकदाच वाचला आणि कायमचा बसला. नाडी अनियमित असली तर इन् चा इर् होतो, इर्रेग्युलर. पाय हलवता येत नसेल तर इम्, इम्मोबाइल. मी यांना चार वेगवेगळे उपसर्ग समजून चार ओळी पाठ केल्या होत्या! निघाला एकच, कपडे बदलून आलेला.

त्या झेरॉक्सची मी घडी करून गादीखाली ठेवली आणि दोनशे पानी वही आणली. यावेळी पद्धत उलटी केली. एका पानावर एक उपसर्ग असं न करता एका पानावर एक शेपूट. हार जसा एक आणि त्याची डोकी अनेक, तसं. वॉर्डात जी शेपूट रोज भेटते तिचंच पान.

पहिलं पान श्वासाचं, प्निया. ॲप्निया, श्वास थांबलेला. डिस्प्निया, दम लागतोय. टॅकिप्निया, जलद. ब्रॅडिप्निया, मंद. यूप्निया, नीट. हा यू आपल्या सु-सारखा. ऑर्थोप्निया हा शब्द समजायला पेशंटच लागला. एक आजी रात्रभर उशांना टेकून बसायच्या, आडव्या झाल्या की जीव घाबरा. ऑर्थो म्हणजे सरळ, ताठ. ताठ बसलं तरच श्वास. पुस्तकात दोन ओळींची व्याख्या होती, ती अजूनही मला म्हणता येणार नाही. आजी डोळ्यांपुढे आल्या की शब्द येतो.

दुसरं पान लघवीचं, युरिया. हे माझं सगळ्यात आवडतं पान, कारण इनपुट-आउटपुट चार्ट भरायचं काम कायम माझ्याच गळ्यात. मोठ्या माणसाला चोवीस तासांत 400 मिलीपेक्षा कमी झाली तर ऑलिग्युरिया, 100 च्याही खाली गेली तर अन्युरिया, 3 लिटरच्या वर गेली तर पॉलियुरिया. जळजळ होत असेल तर डिस्युरिया, लाल दिसली तर हिमॅच्युरिया. डोकं बदललं की डॉक्टरांना फोन करायची घाई बदलते. यातला युरिया म्हणजे शेतात टाकायचा तो नव्हे, हे रूममेटला एकदा सांगावं लागलं. खताचं नावही मुळात लघवीवरूनच पडलंय, हे तिला अजून पटलेलं नाही.

तिसरं पान वाहण्याचं, रिया. डायरिया आणि अतिसार समोरासमोर लिहिले. अति-सार, फार वाहणं. मग ॲमेनोरिया, पाळीच न येणं. डिस्मेनोरिया, पाळीत दुखणं. हे पान आईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे अ आणि दुर्. एवढंच?" होय, एवढंच.

काही शब्दांना तर मराठी जोडीदार तयारच होते. डीहायड्रेशन म्हणजे निर्जलीकरण, तुकड्याला तुकडा. हेमिप्लेजिया म्हणजे अर्धांगवायू, हेमि म्हणजे अर्धं. अँटिबायोटिक म्हणजे प्रतिजैविक. ते मराठी शब्द पूर्वी मला सरकारी आणि बोजड वाटायचे. वर्तमानपत्रात आले की वगळून पुढे जायचे. आता तेच माझ्या कामाला आले.

पण वही वाढली तसा माझा गर्वही वाढला. प्रत्येक शब्द फोडायची खोड लागली. एकदा वर्गात मॅडमनी विचारलं, ॲनाटॉमी या शब्दाचा अर्थ काय? मी हात वर करून सांगितलं, "अन् म्हणजे नाही, ॲटम म्हणजे अणू. ज्यात अणू नाही ते." वर्ग बराच वेळ हसत होता. तो अन् नाहीच, आना आहे. आना-टोम, चिरून उघडणं. शरीर चिरून बघितल्याशिवाय हे शास्त्र कळत नव्हतं, म्हणून ते नाव. मॅडम रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "फोडून बघ, पण मग पुस्तकात जाऊन विचार, बरोबर फोडलं का." तेव्हापासून पेन्सिलीनं अंदाज लिहायचा आणि खात्री झाली की पेननं, असा नियम केला. पहिल्या महिन्यात खोडरबर बराच झिजला.

सगळ्यात फसवा निघाला इन्. इन्सोम्नियात तो नाही म्हणतो, झोप नाही. इंजेक्शन आणि इन्सिजनमध्ये तोच आत म्हणतो. ड्रेसिंग ट्रॉलीवरच्या स्पिरिटच्या बाटलीवर इन्फ्लेमेबल लिहिलेलं वाचून मी मनात म्हटलं, म्हणजे पेट न घेणारं. नशीब, कधी प्रयोग केला नाही. तिथला इन् आतला आहे, ज्वाळेत जाणारा. इन्फ्लेमेशन, म्हणजे दाह, त्याचाच भाऊ.

इंटर आणि इंट्रा यांनी आठवडा खाल्ला. दोष थोडा आपल्या भाषेचाही आहे. आंतररुग्ण म्हणजे आत दाखल झालेला, पण आंतरजातीय लग्न मात्र दोन जातींच्या मध्ये. शेवटी सुई आणि बरगड्या यांवर भागवलं. इंट्रामस्क्युलर, सुई स्नायूच्या आत. इंटरकॉस्टल, दोन बरगड्यांच्या मध्ये. हृदयाचे ठोके ऐकायला स्टेथोस्कोप पाचव्या इंटरकॉस्टल जागेवर ठेवतात, ती जागा बोटानं चाचपून सापडली की इंटरचा अर्थ परत विचारावा लागत नाही.

पहिल्या वर्षाचा निकाल काही थोर नव्हता, पण ॲनाटॉमी सुटला. वही तरी सगळं करत नाही. औषधांची नावं तिच्यात बसत नाहीत, कंपन्या वाटेल ती ठेवतात. इंग्रजी बोलायला लागले असंही नाही. मुलाखतीत अजूनही वाक्य अर्ध्यात तुटतं. फक्त नवा लांबलचक शब्द आला की पूर्वी पोटात गोळा यायचा, आता आधी त्याचं डोकं कुठं संपतं ते शोधते.

मागच्या दिवाळीत गावी गेले होते. मंगळवारी, गरोदर बायकांच्या तपासणीच्या दिवशी, आईसोबत उपकेंद्रावर गेले तर भिंतीवर नव्यानं रंगवलेलं, मोठ्या इंग्रजी अक्षरांत, अँटिनेटल क्लिनिक. आयचा ई करायचा राहिलेला. मी आईला थांबवून समजावलं की अँटे म्हणजे आधी, अँटि म्हणजे विरुद्ध, आणि हे असं लिहिल्यानं बाळंतपणाच्या विरुद्ध असलेला दवाखाना असा अर्थ होतो.

आईनं पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग हातातल्या रजिस्टरनं मला पुढे ढकलत म्हणाली, "बायकांना मंगळवार कळतो. चल, अकरा वाजले."