तुम्ही विचारलंत म्हणून : एक, तीन, सात, पंधरा

घरी आलेला माणूस आतल्या खोलीत डोकावला की प्रश्न ठरलेला. भिंतीवर फुलस्केप कागद एकमेकांना चिकटवून केलेला मोठा तक्ता, त्यावर हाब्सबुर्ग, ब्रागान्सा, हेसे अशी युरोपातल्या राजघराण्यांची नावं, आणि मग, "ताई, ह्या लोकांशी तुमचं काय नातं? आपल्याकडे वंशावळी काय कमी आहेत?" दरवेळी मी दोन वाक्यांत काहीतरी सांगते आणि चहा टाकायला उठते. परवा तुम्ही विचारलंत आणि उत्तर ऐकायला बसून राहिलात, म्हणून आज सगळं लिहून काढते.

सुरुवात 1993 सालची. रशियाचा शेवटचा झार निकोलस दुसरा, त्याची बायको अलेक्झांड्रा आणि त्यांची पाच मुलं यांना जुलै 1918 मध्ये येकातेरिनबुर्गला एका घराच्या तळघरात गोळ्या घालून मारलं होतं. 1991 मध्ये त्या शहराबाहेरच्या जंगलातून नऊ सांगाडे बाहेर काढले गेले. ते त्यांचेच का, हे ठरवायला इंग्लंडच्या तेव्हाच्या राणीचे यजमान प्रिन्स फिलिप यांनी आपलं रक्त दिलं, आणि झारीण व तिच्या तीन मुलींशी ते जुळलं. मी वाचलेल्या बातमीत फिलिप यांना झारीणीचे 'दूरचे नातेवाईक' म्हटलं होतं. दूरचे म्हणजे किती दूरचे? आणि इतक्या दूरच्या माणसाचं रक्त जुळतं कसं? हे काही माझ्या डोक्यातून जाईना.

शेवटी वाचनालयातून जाडजूड पुस्तकं आणली आणि नातं शोधलं. झारीण अलेक्झांड्राची थोरली बहीण व्हिक्टोरिया. व्हिक्टोरियाची मुलगी ॲलिस. ॲलिसचा मुलगा फिलिप. म्हणजे अलेक्झांड्रा ही फिलिपच्या आईची मावशी! आईच्या मावशीला आपण कधी दूरची म्हणतो का? तिच्या घरी सुट्टीत राहायला जातो आपण. इंग्रजी पुस्तकात ह्या नात्याला जे नाव आहे त्यात ती आईकडची की बापाकडची, हेच कळत नाही. मराठीत 'आईची मावशी' म्हटलं की वाट डोळ्यांसमोर उभी राहते: आई, आईची आई, तिची बहीण. मध्ये एकही पुरुष नाही. आणि रक्त जुळण्याचं कारणही नेमकं तेच होतं. पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून मुलांना मिळतो. मुलालाही मिळतो, पण तो पुढे देत नाही. मुलगीच देते. फिलिप आणि झारीण यांच्यामध्ये नुसत्या बायकाच होत्या, म्हणून तो धागा तुटला नव्हता.

जाता जाता सांगते, ह्या ॲलिसचा धाकटा भाऊ म्हणजे लॉर्ड माउंटबॅटन. भारताचे शेवटचे व्हाइसरॉय हे रशियाच्या शेवटच्या झारीणीचे सख्खे भाचे. शाळेत हे कुणी सांगितलं असतं तर इतिहास जरा जास्त लक्षात राहिला असता.

त्या दिवसापासून मी वंशावळ वेगळ्या बाजूने वाचायला लागले. त्यासाठी आकड्यांची एक पद्धत आहे, ती आधी सांगते. ज्याची वंशावळ करायची तो 1. त्याचा बाप 2, आई 3. पुढे प्रत्येकाचा आकडा दुप्पट केला की त्याचा बाप, आणि त्यात एक मिळवला की आई. म्हणजे 2 चा बाप 4, आई 5. 3 चा बाप 6, आई 7. मिखाएल आयत्सिंगर नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने 1590 मध्ये छापलेल्या ग्रंथात ती वापरली आणि आजही तीच चालते. ह्यात पहिल्या माणसाखेरीज सगळे सम आकडे पुरुषांचे, सगळे विषम बायकांचे. आणि तक्त्याच्या अगदी उजव्या कडेला जी रांग पडते, 1, 3, 7, 15, 31, 63, ती आई, आईची आई, तिची आई अशी थेट वर जाते. फिलिप यांना 1 धरलं तर 3 ॲलिस, 7 व्हिक्टोरिया, 15 वर राणी व्हिक्टोरियाची मुलगी ॲलिस, आणि 31 वर स्वतः राणी व्हिक्टोरिया. कुठलाही तक्ता हातात आला की मी आधी ही उजवी कड भरते.

आता भिंतीवरचा जो तक्ता तुम्ही पाहिलात त्याबद्दल. तो स्पेनच्या दुसऱ्या कार्लोसचा. जन्म 1661, मृत्यू 1700. वयाची चाळिशीही न गाठलेला, आयुष्यभर आजारी, दोन लग्नं होऊनही मूलबाळ नाही. त्याच्यामागे स्पेनची गादी कुणाची ह्यावरून 1701 पासून युरोपात दहा-बारा वर्षं युद्ध पेटलं. ह्या राजाबद्दल नुसतं वाचू नका, कागद घेऊन त्याचे पूर्वज स्वतः भरा, असं मी सगळ्यांना सांगते. कारण भरताना जे होतं ते वाचून कळत नाही.

1 वर कार्लोस. 2 वर बाप चौथा फेलिपे, 3 वर आई मारियाना. 4 वर तिसरा फेलिपे, 5 वर मार्गारेट. 6 वर सम्राट तिसरा फर्डिनांड, 7 वर मारिया आन्ना. इथपर्यंत सगळं सरळ. मग 7 चे आईबाप लिहायला जावं तर 14 वर पुन्हा तिसरा फेलिपे आणि 15 वर पुन्हा मार्गारेट! म्हणजे 2 आणि 7 ही सख्खी भावंडं. चौथ्या फेलिपेने बहिणीच्या मुलीशी लग्न केलं होतं. ती मारियाना आधी त्याच्या मुलासाठी ठरलेली होती. मुलगा 1646 मध्ये वारला, तेव्हा 1649 मध्ये ठरलेला सासराच नवरा झाला. तो चव्वेचाळीस वर्षांचा, ती चौदा.

पुढे 11 वर बव्हेरियाची मारिया आन्ना येते आणि 13 वर पुन्हा बव्हेरियाची मारिया आन्ना. इथे बरेच जण चुकतात, दोघींना एकच समजतात. मीही पहिल्यांदा चुकले. ह्या दोघी आत्या-भाची. आणि नुसत्या आत्या-भाची नाहीत, तर सासू-सूनही, कारण 11 चा मुलगा आणि 13 चा नवरा, म्हणजे 12 वरचा दुसरा फर्डिनांड, याने मामाची मुलगी केली होती. हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आत्याच्या घरात सून म्हणून गेलेल्या कितीतरी बायका आपल्या ओळखीच्या असतात.

असं करत करत बत्तीस जणांच्या रांगेपर्यंत गेले, म्हणजे 32 ते 63. घरं बत्तीस, आणि वेगवेगळी माणसं मोजली तर फक्त अठरा. पहिला फर्डिनांड ह्या एका रांगेत चार वेळा आला, 36, 46, 48 आणि 60 वर, शिवाय खालच्या रांगेत 20 वर होताच. तेच नाव पुन्हा पुन्हा लिहिताना माझा हात थांबला होता, ते अजून आठवतं. 2009 मध्ये स्पॅनिश संशोधकांनी ह्या हाब्सबुर्ग घराण्याचा हिशेब मांडला. कार्लोसचा अंतःप्रजननाचा गुणांक, म्हणजे आईकडून आणि बापाकडून एकाच पूर्वजाचं तेच जनुक मिळण्याची शक्यता, निघाला 0.254. सख्ख्या भावाबहिणीच्या अपत्याचा तो 0.25 असतो. एका माणसाचं दुखणं शे-दीडशे वर्षांच्या लग्नांमध्ये कसं साठत गेलं, हे त्या चौकटींमध्ये बोट ठेवून दाखवता येतं. लोक त्याच्या पुढे आलेल्या हनुवटीला हसतात. मला त्या मुलाचं फार वाईट वाटतं.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आता येतं. ही घराणी मला जवळची का वाटली? तर त्यांच्या कागदांत आयांची नावं आहेत. चांगुलपणा म्हणून नव्हे, गरज म्हणून. लग्न हा तह असायचा. नवरी कुठली, तिच्यासोबत काय आलं, तिच्या मुलांचा कशावर हक्क, हे सगळं करारात लिहिलेलं. आपली मुंबईच बघा. 1661 च्या लग्नकरारात पोर्तुगालच्या राजाने बहिणीबरोबर, म्हणजे कॅथरिन ऑफ ब्रागान्साबरोबर, हे बेट इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिलं. 'मुंबई आंदण दिली' हे आपण सगळेच म्हणतो, पण ती नवरी कोण, तिचं पुढे काय झालं, हे विचारत नाही. तिला मूल झालं नाही. तक्त्यात तिच्याखाली रेघ नाही. 1668 मध्ये ते बेट कंपनीकडे गेलं, वर्षाला दहा पौंड भाड्याने.

दुसरं कारण कुलीनतेचा पुरावा. जर्मन मुलखातल्या कित्येक धर्मपीठांत आणि ट्यूटॉनिक ऑर्डरसारख्या सरदारी संघांत प्रवेश हवा तर नुसत्या बापाचं घराणं पुरत नसे. सोळा खापरपणज्या-खापरपणजोबांची नावं, प्रत्येकाच्या ढालीवरच्या चिन्हासकट, मांडून दाखवावी लागत. सोळातल्या आठ बायका. त्या पद्धतीत माणसाला माणूस कमी लेखत होता, हे मला मान्य आहे आणि ते मला मुळीच आवडत नाही. ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड, त्याच्या बायकोचं घराणं काउंटचं, म्हणजे सरदाराचंच, पण राजघराण्याच्या बरोबरीचं नव्हे. म्हणून 28 जून 1900 ला त्याला शपथ घ्यावी लागली, की आपल्या मुलांना गादी मिळणार नाही. बरोबर चौदा वर्षांनी, त्याच तारखेला, सारायेव्होत दोघं एकत्र मारले गेले. पण त्याच कडक पद्धतीमुळे शेकडो आयांची माहेरं टिकली. 1763 पासून 1944 पर्यंत जर्मनीतल्या गोथा शहरातून निघणाऱ्या वार्षिकात घराण्याघराण्यांची नोंद असायची, आणि सुनेच्या नावापुढे माहेर. जर्मन वंशावळीत जन्माला चांदणी, मृत्यूला क्रूस आणि लग्नाला दोन कड्या एकमेकांत अडकवल्यासारखी खूण. ती कड्यांची खूण दिसली की मी थांबते, कारण तिच्यापुढे एका बाईचं आधीचं घर असतं.

आधीचं नावही असतं. रशियात दिलेल्या जर्मन मुलींना धर्म बदलावा लागे आणि बरोबर नावही. आनहाल्ट-त्सेर्ब्स्टची सोफी 1744 मध्ये येकातेरिना झाली, जग तिला कॅथरिन द ग्रेट म्हणून ओळखतं. हेसेची आलिक्स 1894 मध्ये अलेक्झांड्रा फ्योदोरोव्हना झाली. हे वाचताना मला तांदळाचं ताट दिसतं. नवरा अंगठीने त्यात नवं नाव लिहितो, सगळ्याजणी वाकून वाचतात, पेढे वाटले जातात. फरक इतकाच, की आलिक्सचं जुनं नाव कागदावर राहिलं.

आमच्या घरची वंशावळ एका वहीत आहे, काकांनी सुंदर अक्षरात उतरवलेली. नऊ पिढ्या. सगळे पुरुष. छापील कुळवृत्तान्तांत कित्येकदा सुनांची माहेरं दिलेली असतात, आमच्या वहीत तेही नाही. मी माझाच तक्ता करायला घेतला. 1 मी, 3 आई, 7 आजी. 15 पाशी अडले. तेव्हा आजी होती. तिला विचारलं, "तुझ्या आईचं माहेरचं नाव काय गं?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आम्ही तिला आईच म्हणायचो." सासरचं नाव तिला माहीत होतं. माहेरचं तिने कधी ऐकलंच नव्हतं.

युरोपातल्या वंशावळी जुळवताना एक शिकले होते: कागद संपले की वस्तू बघायच्या. तिकडे लग्नातल्या चांदीच्या भांड्यांवर नवऱ्याचं आणि बायकोचं चिन्ह शेजारीशेजारी कोरलेलं असायचं, त्यावरून माहेर लागतं. आपल्याकडे चिन्हं नसतील, पण भांड्यावर नाव घालायची पद्धत तर घरोघरी आहे. आजीच्या माहेरी, म्हणजे आता आईच्या मामेभावाच्या घरी, गेल्या मे महिन्यात गेले आणि माळ्यावरची भांडी खाली काढायला लावली. मामाने कुरकुर न करता शिडी धरली. हंडे, पराती, एक कळशी. तळाशी तांब्याचं एक घंगाळ, हिरवंकाळं पडलेलं. मामींनी चिंचेचा कोळ आणि मीठ लावून त्याचा काठ घासला. तिसऱ्यांदा धुतल्यावर टिंबाटिंबांनी ठोकलेली अक्षरं वर आली. आधी बापाचं नाव, मग गाव, मग 'चि.' आणि त्यापुढे मुलीचं नाव, चार अक्षरी. शेवटी शके 1836. लग्नात लेकीला दिलेलं घंगाळ, आणि बापाने त्यावर सासरचं नाव न घालता तिचं स्वतःचं, त्याने ठेवलेलं नाव घातलेलं.

घरी आल्यावर 15 च्या चौकटीत ती चार अक्षरं मी पेनाने लिहिली. बाकीचा तक्ता अजून पेन्सिलीत आहे. बापाचं नाव मिळालं, म्हणून 30 ही भरला. 31 रिकामा आहे. घंगाळावर जे गाव होतं तिथे दिवाळीनंतर जाऊन येणार आहे.