आमच्या फादरनी बांधला

"एअरपोर्ट ना? तो आमच्या फादरनी बांधला." आयर्लंडच्या मेयोमधल्या नॉक गावात चर्चबाहेरच्या बाकावर बसलेल्या आजी आज हे इतकं सहज बोलून गेल्या की अजून डोक्यातून जात नाहीये.

१८७९ च्या २१ ऑगस्टला भर पावसात याच चर्चच्या मागच्या भिंतीपाशी मेरीमाता दिसली असं १५ गावकऱ्यांनी सांगितलं, तेव्हापासून यात्रेकरू येतायत, १९७९ मध्ये पोपही आले. मग इथले फादर जेम्स होरन हट्टालाच पेटले, सरकारने मध्येच पैसे थांबवले तर लॉटरी काढली, वर्गणी मागितली, पण १९८६ ला विमानतळ उघडलाच! त्याच वर्षी ते फ्रान्समधल्या लूर्दच्या यात्रेत वारले आणि त्यांची शवपेटी उतरली ती याच रनवेवर.

आता तर कितीतरी गावांत एकाच फादरकडे दोन-तीन चर्च. गावासाठी असं हट्टाला पेटणार कोण?