पावसातली टॅक्सी आणि सुथेपचा आवाज

बँकॉकचे पहिले तीन दिवस मंदिरं, मॉल आणि टूरवाल्यांच्या मागे धावण्यात गेले. लिहायचंय ते चौथ्या रात्रीबद्दल.

याओवरातला, म्हणजे बँकॉकच्या चायनाटाउनमध्ये, एकटीच जेवून निघाले आणि पाऊस कोसळला. टॅक्सीचा मीटर 35 बाथवरून सुरू झाला, पण गाडी जागची हलेना. चालक साठी उलटलेले. अशा माणसाला तिकडे 'लुंग' म्हणतात, आपले काका. आरशाला मोगऱ्याची माळ टांगलेली. लुंगांनी गाणं लावलं. संथ व्हायोलिनं आणि त्यावर एक मऊ, किंचित थरथरणारा पुरुषी आवाज. शब्द एकही कळत नव्हता, तरी अंगावर काटा आला. अहो, हे तर भावगीत!

"सुथेप वोंगखमहेंग," लुंग म्हणाले. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून, "कोराट!" गायक त्यांच्याच गावचा.

या गाण्यांना 'लूक क्रुंग' म्हणतात, म्हणजे शहराची लेकरं. शेतशिवारातली ती 'लूक थुंग'. 1939 मध्ये सुरू झालेल्या सुंथराफोन वाद्यवृंदाने पाश्चात्त्य नाचाच्या ठेक्यावर थाई चाली बसवल्या, त्याच वळणावरची ही गाणी. थाई भाषेत पाच सूर. शब्दाचा सूर चुकला की अर्थच बदलतो, त्यामुळे चाल बांधताना शब्दाला जपावंच लागतं. आपण जिला शब्दप्रधान गायकी म्हणतो, ती तिथे भाषाच मागून घेते. घरी येऊन शोधलं, तर सुथेप आणि आपले अरुण दाते, दोघांचाही जन्म मे 1934 चा!

बाबा रविवारी दाढी करताना आकाशवाणीवरची भावगीतं लावायचे. शेवटच्या वर्षी "ये गं, ऐक जरा" म्हणून हाक मारायचे आणि मी मोबाइल घेऊन दुसऱ्या खोलीत बसलेली असायचे. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या रात्री फोनमधल्या भाषांतराच्या ॲपवर टाइप करून लुंगांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून सावकाश वाचलं आणि दोनच शब्द बोलले, "खित थ्युंग."

खित म्हणजे विचार करणं, थ्युंग म्हणजे पोचणं. आठवण येणं याला थाईत असं म्हणतात.

हॉटेल आलं तेव्हा गाणं अर्ध्यावर होतं. लुंगांनी मीटर थांबवला, पण गाणं चालू ठेवलं. शेवटचं कडवं संपेपर्यंत आम्ही दोघंही तसेच बसून राहिलो.