आमची वाटचाल: दोन वाव दोरीचा धंदा

नांदेडच्या इतवारा भागात आमचं मासेमारीच्या सामानाचं दुकान आहे. वडिलांच्या काळी तिथं फक्त जाळ्याचा माल असायचा: नायलॉनचा धागा, तंगूस (नायलॉनचीच एकपदरी गुळगुळीत दोरी), शिशाचे मणी, बोये म्हणजे तरंगते गोळे. गिऱ्हाईक म्हणजे गोदाकाठचे भोई आणि आसपासच्या मच्छीमार संस्था. पावसाळ्यात उधारी वाढायची, मासळी निघाली की फिटायची. पूर्णेवर येलदरी होतंच, १९७६ मध्ये जायकवाडी झालं, पुढं घराजवळ विष्णुपुरी. धरणांत मासळीचं बीज सोडायला लागले तसा आमचाही गल्ला भरायला लागला.

रॉड-रीळवाली मंडळी आली ती मी दुकानात बसायला लागल्यावर. बँकेतले साहेब, शाळेतले सर, एमआयडीसीतली पोरं. ज्याचं पोट मासळीवर नाही त्यानं गळावर एवढा पैसा का घालावा, हे वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही. हीच मंडळी 'फ्लोरो' मागू लागली.

फ्लोरोकार्बन दोरी १९७१ साली जपानच्या कुरेहा कंपनीनं आणली. ती पीव्हीडीएफ नावाच्या प्लास्टिकची असते. नायलॉनपेक्षा बरीच जड, म्हणून लवकर बुडते. पाणी पीत नाही, म्हणून भिजून कमजोर होत नाही. दगडाला घासली तरी बऱ्यापैकी टिकते. 'पाण्यात दिसत नाही' ही मात्र जाहिरात. वस्तूतून जाताना प्रकाश किती वाकतो त्याचा आकडा म्हणजे अपवर्तनांक, तो पाण्याच्या जितका जवळ तितकी दोरी कमी दिसते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लोरोचा १.४२, नायलॉनचा १.५३ च्या आसपास. म्हणजे ती कमी दिसते, गायब होत नाही. एका भावानं मला तोंडावरच विचारलं होतं, "मामा, दिसत नाही म्हणता, मग दुकानात कशी काय दिसायली?"

अडचण किमतीची होती. चांगल्या फ्लोरोचं पूर्ण रीळ नायलॉनच्या कितीतरी पट महाग, आणि रविवारच्या हौशी माणसाला ते लागतच नाही. रिळावर साधं नायलॉन नाहीतर ब्रेड म्हणजे विणलेली दोरी असावी, आणि गळाजवळ तेवढी वाव-दोन वाव फ्लोरो जोडावी. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होते तेवढी लांबी. मग मी रीळ फोडून मीटरवर कापून द्यायला सुरुवात केली. माल देणारा व्यापारी वैतागला. असं केलं तर रिळं खपणार कशी, म्हणाला. रिळं खपली नाहीत हे खरं, पण परभणी, हिंगोली, लातूरकडून माणसं दोन वाव दोरीसाठी यायला लागली, आणि आली की गळ, शिसं, स्विव्हल (दोरीला पीळ पडू नये म्हणून लावायची फिरती कडी) घेऊनच जायची. आज दुकान चालतं ते या सुट्या दोरीवर.

मधे एका ठोक व्यापाऱ्यानं स्वस्तातली 'शंभर टक्के फ्लोरो' गळ्यात मारायचा प्रयत्न केला. आत नायलॉन, वर पातळ मुलामा. काडी लावून पारख करायची सवय काहींना आहे. ती करू नका, हे प्लास्टिक जळताना विषारी वायू सोडतं. आम्ही ग्लासभर पाण्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घालतो. दोरीचा नखाएवढा तुकडा ओल्या बोटांनी चोळून, चिकटलेले बुडबुडे काढून त्यात दाबतो. नायलॉन वर येतं, खरी फ्लोरो तळाला बसते. त्या रिळाचा तुकडा वर आला. माल परत गेला, व्यापाऱ्याशी बोलणंही संपलं. तो ग्लास अजून गल्ल्याशेजारी असतो, कुणालाही करून बघता येतं.

कुणाला काय द्यायचं, यावर माझं मत ठरलेलं आहे. श्रावण-भाद्रपदात गोदावरी गढूळ असते तेव्हा फ्लोरोला पैसे घालू नका, तंगूस पुरतं. कणकेच्या गोळ्यावर रोहू-कटला धरायचा असेल तरी नायलॉनच बरं, ते ताणलं जातं आणि झटका झेलतं. मरळ माशाला पाणवनस्पतीत रबरी बेडूक वरून ओढायचा असेल तर फ्लोरो नकोच, ती बुडते आणि बेडकाचं तोंड खाली ओढते. दिवाळीनंतर पाणी निवळलं, तळाशी खडक असला आणि शिंगाडा माशावर डोळा असला, तर मात्र घ्या. पुड्यावर दोरी किती वजन पेलते ते पौंडात लिहिलेलं असतं. १२ पौंड म्हणजे साडेपाच किलोच्या आतबाहेर. धाकटी मुलगी प्रत्येक रिळावर किलो आणि मिलिमीटरची चिठ्ठी चिकटवते, त्यामुळं गल्ल्यावरची निम्मी वादावादी थांबली.

तक्रारी येतात त्या बहुतेक गाठीच्या. ही दोरी ताठ असते. गाठ कोरडीच ओढली की घासून तापते आणि तिथंच तुटते. थुंकी लावा, पाणी लावा, पण ओली करून सावकाश आवळा. आवळल्यावर दोरी कुरळी झाली किंवा पांढुरकी दिसली तर कापून परत बांधा. दर दोन-तीन माशांनंतर शेवटचा हातभर भाग नखावरून ओढून बघा. खरखर लागली की तेवढा तुकडा गेला समजा.

मराठवाड्यात आणखी एक शत्रू आहे, ऊन. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो आणि दुकानावर पत्रा. माळ्यावर ठेवलेलं नायलॉन लवकर खराब व्हायचं. फ्लोरो उन्हाला त्यापेक्षा चिवट, पण तिला रिळाचा पीळ धरायची खोड आहे, म्हणून घट्ट गुंडाळून गाडीच्या काचेखाली विसरू नये. आम्ही सगळा माल खालच्या खणात डब्यात ठेवतो. गिऱ्हाइकाला सांगतो, निघायच्या आधी दोरी हातानं ताणून सरळ करा.

२०१६ चा उन्हाळा आठवतो. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हा गळ कोण विकत घेणार? त्या वर्षी आम्ही ताडपत्री आणि दोरखंड विकून भाडं भरलं. पावसाळा चांगला झाला तेव्हा आधी भोई परतले, हौशी मंडळी मागाहून.

आता फोनवर ऑर्डर येतात, कुरिअरनं दोरी जाते. सोबत दोन गोष्टी सांगतो. धरणाचा ठेका ज्या संस्थेकडं असेल तिला विचारल्याशिवाय गळ टाकू नका. आणि कापलेले तुकडे काठावर सोडू नका. ते कुजत नाहीत, बगळ्यांच्या पायात अडकतात. दुकानात आणून दिले तर आम्ही डब्यात टाकून ठेवतो. कापून दिलेली दोरी परत घेत नाही, एवढं मात्र ऑर्डरच्या आधीच लक्षात घ्या.